प्रभूच्या घरचा पंक्तिप्रपंच

आपल्या मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक मोठा बोलका शब्द आहे. पंगत बसलेली असावी, वाढपी तूप घेऊन फिरत असावा, आणि यजमानाच्या सोयऱ्यांच्या पानावर सैल सुटलेला त्याचा हात शेजारच्या गरिबाच्या पानाशी येताच आखडावा, म्हणजे पंक्तिप्रपंच झाला. माणूस उपाशी राहिला तर एक वेळ विसरतो. पण पंक्तीत झालेला भेद तो नातवंडांना सांगतो. कारण त्यात अन्नापेक्षा माणूसपण नाकारले जाते. दिवाळीच्या या दिवसांत घरोघरी पाने मांडली जात असताना हा शब्द घेऊन मी वाचकांना जरा दूरच्या एका देशात नेणार आहे.

ख्रिस्ती धर्मातले अत्यंत पवित्र कर्म म्हणजेसुद्धा एक पंगतच. आपल्या अखेरच्या रात्री येशूने शिष्यांबरोबर भोजन केले, भाकरी मोडून सर्वांना दिली, एकच प्याला सर्वांपुढे फिरवला. त्याची आठवण म्हणून जगभरचे ख्रिस्ती लोक जे कर्म करतात त्याला आपल्याकडचे ख्रिस्ती बांधव ‘प्रभुभोजन’ म्हणतात. डच लोकांच्या रिफॉर्म्ड पंथात तर हे भोजन खरोखरीच लांबलचक मेजाभोवती बसून घेण्याची रीत होती. तेव्हा एखादी ख्रिस्ती मंडळी प्रेमाच्या आणि आपलेपणाच्या शिकवणीला जागते की नाही, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने तिची प्रवचने ऐकण्याआधी या मेजाकडे पाहावे. तेथे कोण बसले आहे? आणि कोणाला ‘तू जरा थांब’ असे सांगितले जात आहे?

हा प्रश्न मनात धरून मी दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास वाचू लागलो. या डच मंडळीची कथा मला विलक्षण वाटली, ती तिच्यात दुष्ट माणसे पुष्कळ आहेत म्हणून नव्हे. तिच्यात सज्जन माणसे पुष्कळ आहेत, आणि तरीही जे व्हावयाचे ते झाले, म्हणून.

१६५२ साली यान व्हान रीबेक हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी उतरला. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे पाणी, भाजी व मांस मिळावे एवढ्यासाठीच केपची ही वसाहत होती. कंपनीबरोबर कंपनीचा पंथही आला. थोड्याच वर्षांत गुलाम आले. हे गुलाम मादागास्करहून आणि मोझांबिकहून आणलेले होते, तसेच इंडोनेशियाच्या बेटांवरून आणि आपल्या बंगाल, मलबार व कोरोमंडल किनाऱ्यांवरूनही आणलेले होते. आणि तेथले मूळ रहिवासी खोईखोई गुराखी तर होतेच.

आरंभीच्या काळात रेघ ओढलेली होती ती कातडीच्या रंगावर नव्हे, तर बाप्तिस्म्यावर. क्रोटोआ नावाच्या खोईखोई मुलीला १६६२ साली बाप्तिस्मा मिळाला, ‘एव्हा’ हे नाव मिळाले, आणि पुढे १६६४ मध्ये कंपनीच्या एका शस्त्रवैद्याशी तिचा रीतसर ख्रिस्ती विवाह झाला. तिचे पुढचे आयुष्य हालात गेले. रॉबेन बेटावर तिला हद्दपार करण्यात आले. परंतु १६७४ मध्ये ती वारली तेव्हा तिला किल्ल्यातल्या चर्चमध्ये ख्रिस्ती म्हणून पुरले. जिवंतपणी दूर लोटलेल्या या बाईला मरणानंतर तरी आपल्यातच जागा द्यावी, असे त्या मंडळीला वाटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण बाप्तिस्म्याच्या पाठीमागे हिशेब उभा होता. १६१८-१९ मध्ये हॉलंडातील डॉर्ट येथे रिफॉर्म्ड पंथाची जी मोठी धर्मसभा भरली, तिच्यात असे मत पडले होते की, बाप्तिस्मा घेतलेल्या दासाला इतर ख्रिस्ती माणसांसारखेच स्वातंत्र्य असावे, त्याला विकू नये. मत थोर होते. परिणाम उलटा झाला. दासाला ख्रिस्ती केले तर तो विकता येणार नाही, मग त्याला ख्रिस्ती करावयाचेच कशाला, असा विचार मालकांनी केला. १७७० मध्ये कंपनीने ख्रिस्ती दासांच्या विक्रीला बंदी केली तेव्हा तर हा विचार अधिकच घट्ट झाला. प्रेमाचा नियम कागदावर उतरला की व्यवहारी माणूस त्याला कोठून वळसा घालतो, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा ग्येओर्ग श्मिट याचा. हा मोरेव्हियन पंथाचा जर्मन मिशनरी १७३७ साली केपला आला आणि डोंगरातल्या बाव्हियान्सक्लूफ नावाच्या खोऱ्यात खोईखोई लोकांमध्ये झोपडी बांधून राहिला. शेती शिकवावी, अक्षरे शिकवावी, प्रार्थना शिकवावी, असा त्याचा क्रम. १७४२ मध्ये त्याने पाच जणांना बाप्तिस्मा दिला. लगेच केपच्या डच पाळकांनी हरकत घेतली. या माणसाला विधिपूर्वक दीक्षा झालेली नाही, तेव्हा बाप्तिस्मा देण्याचा अधिकार याला कोणी दिला? अखेर १७४४ मध्ये श्मिट मायदेशी परतला, आणि त्याचे लोक पाळकावाचून राहिले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १७९२ मध्ये, त्याच पंथाचे तीन मिशनरी ते खोरे शोधीत आले. श्मिटने लावलेले पेअरचे झाड तेथे उभे होते. त्याने बाप्तिस्मा दिलेली मॅग्डालेना नावाची बाई, म्हणजे ‘लेना आजी’, जिवंत होती. श्मिटने दिलेला नव्या कराराचा ग्रंथ तिने मेंढीच्या कातड्यात गुंडाळून जपून ठेवला होता. तिची दृष्टी अधू झाली होती. दुसऱ्याकडून ती तो वाचवून घेई. ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांनी पाळक घालवला, आणि जिच्याकडे काहीच नव्हते तिने ग्रंथ सांभाळला. पुढच्या सबंध कथेचे बीज मला या बाईत दिसते. हे खोरे पुढे ‘खेनाडेंडाल’, म्हणजे ‘कृपेचे खोरे’, या नावाने प्रसिद्ध झाले.

आता आपण १८२९ सालाकडे येऊ. केपवर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. केपटाऊनजवळच्या सॉमरसेट भागात बेंतुरा व्हिसर नावाचा एक मिश्र वंशाचा ख्रिस्ती गृहस्थ होता. इतर सर्व सभासदांप्रमाणे त्यालाही प्रभुभोजनाच्या मेजापाशी बसावयाचे होते. काही गोऱ्या सभासदांना ते रुचेना. प्रकरण स्थानिक मंडळीतून वर गेले आणि धर्मसभेपुढे आले. सभेने काय करावे? या प्रश्नावर चर्चा करून मते घेण्याचेही तिने नाकारले. प्रभुभोजन सर्व सभासदांना रंग व कूळ यांचा भेद न करता एकत्रच दिले गेले पाहिजे, हे देवाच्या वचनावर आधारलेले अढळ तत्त्व आहे आणि प्रत्येक ख्रिस्ती माणसाने त्याप्रमाणेच वागले पाहिजे, असे तिने स्पष्ट सांगितले. बहुमताने ठरवावयाची ही गोष्टच नव्हे, असा त्याचा अर्थ. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. पुढे कधी कोणी ‘त्या काळी लोकांना कळतच नव्हते’ अशी सबब सांगू लागले, तर त्याला १८२९ चा हा कागद दाखवावा. त्या काळी कळत होते.

मग अवघ्या अठ्ठावीस वर्षांत असे काय घडले?

१८३४ मध्ये इंग्रज सरकारने गुलामगिरी बंद केली आणि १८३८ पर्यंत उमेदवारीच्या नावाने चाललेली सक्तीही संपली. हजारो माणसे मोकळी झाली. काल जो पाण्याची घागर भरीत होता तो आज चर्चमध्ये शेजारच्या बाकावर येऊन बसू लागला. पुष्कळ डच शेतकऱ्यांनी या काळात बैलगाड्या जोडून वसाहतच सोडली. त्यांपैकी ॲना स्टीनकॅम्प नावाच्या बाईने आपल्या लोकांच्या निघून जाण्याची कारणे नंतर लिहून ठेवली आहेत. दास मुक्त झाले याचे आम्हाला तितकेसे दुःख नव्हते, त्यांना ख्रिस्ती लोकांच्या बरोबरीने बसवले हे मात्र सोसवले नाही, असा तिच्या सांगण्याचा भावार्थ आहे. ‘ख्रिस्ती’ या शब्दाचा तिच्या लेखी अर्थ काय उरला होता, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. जो शब्द श्रद्धेचा होता तो वंशाचा झाला होता.

१८५५ मध्ये पूर्व सरहद्दीवरील स्टॉकेनस्ट्रॉम येथील पंचेचाळीस गोऱ्या सभासदांनी आम्हाला प्रभुभोजन निराळे द्यावे असा अर्ज केला. वाद वाढत वाढत १८५७ च्या धर्मसभेपुढे आला. त्या सभेने जो ठराव केला तो ग्राफ-रायनेट गावचे वृद्ध स्कॉटिश पाळक अँड्र्यू मरे यांनी मांडलेला होता. मरे हे कोणी क्रूर गृहस्थ नव्हेत. धार्मिक, कष्टाळू, लोकांना हवासा वाटणारा पाळक अशी त्यांची ख्याती होती. ठरावाचा आशय असा: ख्रिस्तेतरांतून आलेल्या आमच्या सभासदांना शक्य तेथे आमच्या चालू मंडळ्यांतच सामावून घ्यावे, हे इष्ट आणि शास्त्राला धरून आहे, परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे जेथे ख्रिस्ताच्या कार्याला अडथळा येत असेल, तेथे अशा सभासदांनी आपले ख्रिस्ती हक्क निराळ्या इमारतीत उपभोगावेत.

हे वाक्य मी अनेकदा वाचले आहे. त्याचा पूर्वार्ध निष्कलंक आहे. तत्त्व सोडलेले नाही. तत्त्वाला नमस्कार केलेला आहे. सगळा घात झाला आहे तो ‘परंतु’ या शब्दाच्या पलीकडे. आणि तेथला ‘दुर्बलता’ हा शब्द तर नीट पारखून पाहण्यासारखा आहे. प्रेषित पौलाने आपल्या पत्रांत दुर्बळांना सांभाळून घ्या असे सांगितले आहे खरे. पण पौलाची मागणी आहे ती बळकटांकडे: ज्याची श्रद्धा नाजूक आहे त्याच्यासाठी तुम्ही आपली मोकळीक थोडी आवरा, असे तो सांगतो. येथे सगळेच उलटले. ज्यांच्या हाती जमीन, बंदूक आणि चर्चची किल्ली होती ते दुर्बळ ठरले, आणि ज्याच्या हाती काहीच नव्हते त्या कालच्या गुलामाने त्यांच्या दुर्बलतेखातर दुसऱ्या घरात जाऊन बसावे असे ठरले. घाव घालणाऱ्याला आजारी म्हणावयाचे आणि पथ्य मात्र घाव सोसणाऱ्याला सांगावयाचे, असला हा वैद्य!

एक गोष्ट येथे न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. त्या सभेतल्या लोकांना ही तात्पुरती सवलत वाटत होती. काही वर्षांत मने निवळतील, दुर्बळ सबळ होतील, आणि मेज पुन्हा एक होईल, अशी पुष्कळांची प्रामाणिक आशा असेल. परंतु सवलतीचा स्वभाव असा की ती घेणारा कधी आपण होऊन परत करीत नाही. आधी निराळी वेळ झाली, मग निराळी इमारत, मग निराळा पाळक. १८८१ मध्ये मिश्रवर्णीय लोकांसाठी ‘मिशन चर्च’ म्हणून सबंध निराळी मंडळीच स्थापन झाली. १९१० पासून काळ्या आफ्रिकनांसाठी निराळ्या मंडळ्या होऊ लागल्या. आणि १९६८ मध्ये तेथल्या भारतीय ख्रिस्ती लोकांसाठीही एक चौथी मंडळी निघाली. एकाच पंथाची, एकाच प्रश्नोत्तरीची चार घरे झाली, आणि रविवारी सकाळी एकच प्रार्थना म्हणणारी माणसे चार दिशांना जाऊ लागली. ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ केलेला अपवाद सर्वांचा नियम झाला.

आपल्या गांधीजींची एक आठवण या कथेत अगदी योग्य ठिकाणी येऊन बसते. १८९३ मध्ये खटल्याच्या कामासाठी ते प्रिटोरियाला गेले, तेव्हा बेकर नावाच्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती वकिलाशी त्यांचा स्नेह जडला. बेकरांनी त्यांना वेलिंग्टन येथील एका मोठ्या ख्रिस्ती मेळाव्याला नेले. वाटेत रविवार आला. रविवारी प्रवास करावयाचा नाही हा बेकरांचा नेम, म्हणून स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरावे लागले. पुष्कळ हुज्जत घातल्यावर हॉटेलवाल्याने गांधीजींना खोली दिली. पण भोजनगृहात येऊ देण्यास साफ नकार दिला. बेकर त्यांच्या बाजूने भांडले. या सोबतीपायी आपल्या यजमानाला किती अडचणी सोसाव्या लागल्या आणि त्या लपविण्याची तो कशी धडपड करीत होता, हे गांधीजींनी आत्मकथेत मोठ्या कृतज्ञतेने नोंदवले आहे. मेळाव्यातील लोकांची श्रद्धा पाहून त्यांना आनंद झाला. पुष्कळ जण आपल्यासाठी प्रार्थना करीत आहेत हेही त्यांना दिसले. त्या मेळाव्याचे अध्यक्ष होते रेव्हरंड अँड्र्यू मरे, म्हणजे १८५७ चा ठराव मांडणाऱ्या मऱ्यांचे त्याच नावाचे चिरंजीव, आणि प्रार्थनेवरील पुस्तकांमुळे जगभर गाजलेले सत्पुरुष. माणसांत प्रेम होते. ते खोटे नव्हते. पण ज्याच्यासाठी प्रार्थना करावयाची तो बरोबरीने जेवू शकेल अशी जागा त्या देशात उरलेली नव्हती, आणि ती नाहीशी करण्यास या सत्पुरुषांच्या मंडळीचाही हात लागला होता.

हे वाचताना कोणा वाचकाच्या मनात ‘पाहा, ते लोक असे!’ असा भाव आला, तर त्याने पंढरपूरच्या पायरीशी असलेली चोखोबांची समाधी आठवावी. ‘लोक अजून तयार नाहीत’ हे वाक्य आपणही शतकानुशतके म्हटलेले आहे. म्हणूनच ही कथा आपल्याला परक्याची वाटू नये.

१९४८ मध्ये नॅशनल पक्ष निवडून आला. त्याचे नवे पंतप्रधान डॉ. मलान हे पूर्वी डच मंडळीचेच पाळक होते. वर्णभेद, म्हणजे ‘अपार्टहाइट’, हे आता सरकारचे धोरण झाले. मिश्र विवाहांना १९४९ मध्ये बंदी झाली. कोणत्या वस्तीत कोणी राहावयाचे याचा कायदा १९५० मध्ये झाला. मंडळीच्या मुखपत्राने १९४८ मध्येच मोठ्या समाधानाने लिहिले की, वर्णभेद हे तर चर्चचेच धोरण म्हणता येईल. आणि ते खोटे नव्हते! शंभर वर्षांपूर्वी ज्याला दुर्बलता म्हटले होते त्याला आता शास्त्राधार शोधण्यात आले. बाबेलच्या बुरुजाची बायबलमधील कथा काढून, देवानेच माणसांच्या भाषा व जाती निराळ्या केल्या, असे पंडित सांगू लागले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या मंडळीच्या अधिकृत निवेदनातही त्या कथेचा आधार आहे. रूढी आधी आली, शास्त्र मागून आले. आजार हा आजार म्हणून कबूल असेपर्यंत औषधाची आशा असते. त्यालाच प्रकृती म्हटले की आशा संपते.

मग सगळेच ख्रिस्ती गप्प होते काय? नव्हते. १९५७ मध्ये सरकारने कायद्यात असे कलम घातले की, गोऱ्यांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये काळ्यांना येण्यास मंत्र्याला बंदी करता यावी. केपटाऊनचे अँग्लिकन आर्चबिशप जॉफ्री क्लेटन हे स्वभावाने सावध, कायदा पाळणारे गृहस्थ. त्यांनी ६ मार्च १९५७ रोजी पंतप्रधानांना लिहिलेल्या पत्रावर सही केली: हा कायदा आम्ही पाळू शकत नाही, आणि आमच्या लोकांना तो पाळा असे सांगूही शकत नाही. दुसऱ्याच दिवशी हृदय बंद पडून ते वारले. अर्थात इंग्रजी भाषिक मंडळ्यांनीही फार मिरवू नये. ठराव त्यांचे चांगले असत, पण त्यांच्याही बहुतेक चर्चांतून रविवारी रंग पाहूनच माणसे बसत.

२१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मरण पावली. जग हादरले. त्याच वर्षी डिसेंबरात जोहान्सबर्गजवळ कॉट्स्लो येथे निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्यांचे प्रतिनिधी जमले. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही रंगामुळे वा वंशामुळे कोणत्याही चर्चबाहेर ठेवता येणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. डच मंडळीच्या बहुसंख्य प्रतिनिधींचीही त्याला संमती होती. १८२९ जणू पुन्हा बोलू लागले! पण पंतप्रधान व्हरवुर्ड रागावले, आणि १९६१ मध्ये डच मंडळीच्या धर्मसभांनी आपल्याच प्रतिनिधींचे म्हणणे झिडकारले.

त्या प्रतिनिधींपैकी एक होते बायर्स नौडे. सत्ताधारी आफ्रिकानर समाजाच्या ‘ब्रूडरबॉन्ड’ या गुप्त संघटनेच्या संस्थापकांत त्यांचे वडील होते. स्वतः नौडेही तिचे सभासद. मोठी मंडळी, मोठे नाव, पुढे काय पाहिजे ते मिळण्यासारखे. इतरांनी शब्द मागे घेतले. यांनी घेतले नाहीत. १९६३ मध्ये त्यांनी ती संघटना सोडली, निरनिराळ्या वंशांच्या ख्रिस्ती लोकांना एकत्र आणणाऱ्या ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’चे काम पत्करले, आणि आसव्होएलकॉपच्या आपल्या मंडळीपुढे माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे या वचनावर उपदेश करून व्यासपीठाचा निरोप घेतला. जुने स्नेही रस्त्यात तोंड फिरवू लागले. १९७७ मध्ये सरकारने इन्स्टिट्यूट बंद केली आणि नौडेंवर निर्बंध घातले. एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटावयाचे नाही, त्यांचे शब्द कोणी छापावयाचे नाहीत. हे सात वर्षे चालले. त्या निर्बंधांतच, १९८० मध्ये, त्यांनी गोऱ्यांची मंडळी सोडून त्याच पंथाच्या काळ्या मंडळीत नाव घातले. जे मेज १८५७ मध्ये दुसऱ्या खोलीत नेले होते, तेथे ते स्वतःच उठून जाऊन बसले.

आणि आता त्या दुसऱ्या खोलीकडे पाहू. ज्यांना निराळ्या इमारतीत पाठवले होते त्यांनी काय केले? त्यांनी लेना आजीप्रमाणे ग्रंथ जपून ठेवला, आणि तो वाचला. १९८२ मध्ये जगातील रिफॉर्म्ड मंडळ्यांची महासभा कॅनडात ओटावा येथे भरली. आरंभी प्रभुभोजन होते. दक्षिण आफ्रिकेच्या काही काळ्या व मिश्रवर्णीय प्रतिनिधींनी त्यात भाग घेण्यास नकार दिला. मायदेशी जे गोरे बंधू आम्हाला मेजापाशी बसू देत नाहीत, त्यांच्याबरोबर येथे परदेशात बसण्याचे नाटक आम्ही करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सव्वाशे वर्षांचा पंक्तिप्रपंच जगापुढे उघडा पडला. महासभेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन हे पाखंड आहे असा निर्णय दिला, गोऱ्या डच मंडळीचे सभासदत्व तहकूब केले, आणि मिश्रवर्णीय मिशन चर्चचे पाळक ॲलन बूसाक यांना आपले अध्यक्ष निवडले.

त्याच वर्षी केपटाऊनजवळ बेल्हार येथे मिशन चर्चच्या धर्मसभेने एका नव्या विश्वासांगीकाराचा मसुदा केला. १९८६ मध्ये तो अंतिम रीतीने स्वीकारला गेला. ऐक्य, समेट आणि न्याय या तीन गोष्टींवर तो उभा आहे. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिले आहे की आमचे भांडण माणसांशी नाही, खोट्या शिकवणीशी आहे. शंभर वर्षे बाहेर बसवलेल्यांनी लिहिलेले हे पत्र आहे, हे ध्यानी घेऊन ते वाचावे.

त्यानंतर भिंत हळूहळू ढासळली. १९८६ मध्ये गोऱ्या डच मंडळीने आपली दारे सर्व वंशांना उघडी केली. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथे ख्रिस्ती नेत्यांची परिषद भरली असता त्या मंडळीचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर उभे राहिले. वर्णभेदाने केलेल्या अन्यायाबद्दल त्यांनी स्वतःच्या वतीने, आपल्या मंडळीच्या वतीने आणि आपल्या समाजाच्या वतीने पाप कबूल केले. आर्चबिशप टुटू यांनी उठून क्षमा दिली. सर्वांनाच ते पटले नाही. आमच्या वतीने क्षमा देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असेही काही काळ्या प्रतिनिधींनी विचारले. मला तो प्रश्नही रास्त वाटतो. क्षमा ही शिष्टाचाराची गोष्ट नव्हे. ज्याचे पान उचलले गेले त्याच्यापाशीच ती असते.

एप्रिल १९९४ मध्ये मिश्रवर्णीय आणि काळ्या मंडळ्या एकत्र येऊन एकच ‘युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च’ झाली. वेगळे केलेले दोन भाऊ आधी एक झाले. गोऱ्या मंडळीशी ऐक्याच्या वाटाघाटी मात्र पुढे वर्षानुवर्षे रेंगाळल्या. एक ठराव करून मेज दोन करता आले. ते पुन्हा एक करावयास ठराव पुरत नाहीत असे दिसते. नौडे २००४ मध्ये वारले. त्यांची रक्षा जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा या काळ्या वस्तीत विखुरण्यात आली.

तर मग चर्च प्रेमाला जागते काय? या इतिहासावरून मला एवढेच सांगता येते, की हा प्रश्न ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर घेऊन परत येत नाही. १८२९ आणि १८५७ ही दोन्ही वर्षे एकाच धर्मसभेची. क्लेटन, नौडे, लेना आजी ही सारी त्याच धर्माची माणसे. प्रेमाची शिकवण तेथे कधी नाकारली गेली नाही. द्वेषानेही तिला मारले नाही. तिला मारले ते सौजन्याने: घरच्या माणसांचे मन कसे मोडावे, या भिडेने. आणि तिला जिवंत ठेवले ते बहुधा ज्यांना ती मिळाली नाही त्यांनी. यजमानाने पान फिरवले, पण पाहुण्याने यजमानाचा धर्म लक्षात ठेवला आणि एक दिवस त्याला तो वाचून दाखवला.

कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही घरच्या पंगतीला ही कसोटी लावून पाहावी. तत्त्व काय सांगितले आहे ते पुढच्या भिंतीवर लिहिलेले असते. त्यानंतर ‘परंतु’ म्हणून कोणाला थांबवले आहे, ते मात्र दाराशी जाऊनच पाहावे लागते.